जुन्या लेन्सची गरगर

प्रश्न : चेहऱ्यामागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात असे फोटो पाहून मी जुनी सोव्हिएत हेलिओस ४४-२ घेतली. अडॅप्टर लावून ती क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) मिररलेस कॅमेऱ्यावर वापरतो. मुलीला भिंतीपुढे उभी करून एफ/२ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, फोटो काढले, पण मागे नुसताच धूसरपणा आला. लेन्समध्ये दोष आहे का?

उत्तर : लेन्स बहुधा ठणठणीत आहे. अडचण भिंतीची आहे. सपाट, एकरंगी भिंतीवर फिरण्यासारखं काही नसतंच. या लेन्सला मागे प्रकाशाचे बारीक ठिपके हवेत, आणि त्यासाठी दाट पानांमधून दिसणाऱ्या आभाळासारखं दुसरं काही नाही. फोकसबाहेरच्या प्रत्येक ठिपक्याची चकती होते. फ्रेमच्या मध्यावर ती गोल असते. कडेकडे प्रकाश तिरका येतो, त्यातला काही लेन्सच्या कडांवर अडतो आणि चकती बदामासारखी निमुळती होते. अशा शेकडो चकत्या मध्याभोवती फेर धरतात, तीच ही गरगर. हेलिओस ज्या बायोटारवरून बेतली, त्या जर्मन कार्ल झाइस येनाच्या लेन्सचाही हाच स्वभाव. क्रॉप सेन्सर नेमक्या या कडाच कापतो, म्हणून तुमच्याकडे परिणाम सौम्यच राहील. फोकल रिड्यूसर (चित्र आवळून लहान सेन्सरवर बसवणारी काच) असलेला अडॅप्टर लावला तर कडांचा बराचसा भाग परत मिळतो.

आता अंतराचं बघा, कारण खरी मेख तिथे आहे. तुमची हेलिओस ५८ एमएमची. एफ/२ म्हणजे ५८ भागिले २, २९ मिलिमीटरचं उघडं भोक. खूप लांबच्या ठिपक्याची चकती, फोटोतल्या चेहऱ्याशी ताडून मोजली तर, तेवढीच भरते, म्हणजे साधारण एका डोळ्याच्या लांबीइतकी. मुलगी लेन्सपासून सव्वा मीटरवर असेल आणि झाड तिच्या मागे अर्ध्या मीटरवर, तर चकती जेमतेम ८ मिलिमीटरची होते. तेच झाड ५ मीटर मागे गेलं की २३! त्यापुढे झाड कितीही लांब नेलं तरी फारसा फरक पडत नाही. एफ/४ केलंत तर सगळं निम्म्यावर येतं, शिवाय कडेच्या चकत्यांचा निमुळतेपणा जातो आणि गरगर थांबते. म्हणून मी आधी मागची जागा शोधते आणि मगच माणसाला उभं करते.

एक गोष्ट आवर्जून तपासा. या लेन्सला ॲपर्चरच्या, म्हणजे ते भोक लहान-मोठं करण्याच्या, दोन रिंगा आहेत. एकीवर आकडा ठरवायचा, दुसरी फिरवून भोक झाकणारी पाती त्या आकड्यापर्यंत मिटवायची किंवा पूर्ण उघडायची. लेन्समध्ये समोरून डोकावा. पात्यांच्या कडा दिसत असतील तर ती एफ/२ वर नाही.

फोकस हातानेच करावा लागेल. इतक्या जवळून एफ/२ वर स्पष्टतेची पट्टी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची मिळते, त्यामुळे स्क्रीनवरचं चित्र मोठं करून जवळच्या डोळ्याच्या पापण्यांवर फोकस साधा. चेहरा फ्रेमच्या मध्याजवळ ठेवा. कडेला गेला तर तोच मऊ पडतो.

माझं मत विचाराल तर प्रत्येक चेहऱ्याला ही गरगर शोभत नाही. शांत नजरेच्या माणसामागे ती गोंगाट करते. तिथे मी ज्युपिटर-९ लावते : ८५ एमएम, एफ/२ आणि १५ पाती. ॲपर्चर थोडं मिटवलं तरी तिच्या चकत्या जवळपास गोलच राहतात.

प्रश्न : माझ्या पेंटॅक्सच्या जुन्या ५० एमएम एफ/१.४ टाकुमार लेन्सची काच पिवळट झाली आहे. बुरशी असेल का?

उत्तर : बुरशीची जाळी किंवा तंतू दिसतात, काच एकसारखी पिवळी असेल तर कारण थोरियम या किरणोत्सर्गी धातूचं आहे. सुरुवातीची आठ काचांची आवृत्ती सोडली तर या लेन्समध्ये थोरियमयुक्त काच आहे आणि तिच्याच किरणोत्सर्गाने ती वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. कॅमेऱ्यातल्या व्हाइट बॅलन्सने (रंगछटा सुधारण्याच्या सेटिंगने) रंग सावरता येतो, प्रकाश मात्र थोडा कमी मिळतो. अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवलीत तर पिवळेपणा बराच उतरतो. उन्हानेही उतरतो, पण लेन्स उघडी उन्हात ठेवून दूर जाऊ नका. ती ऊन एका बिंदूत गोळा करते आणि जवळचा कागद किंवा कापड पेटू शकतं.