हादगा लावताय? मग एवढं करा
बी रात्रभर पाण्यात भिजवा आणि शक्यतो जागेवरच टोका; पिशवीत मुळं लवकर गुंडाळतात. झाड झपाट्याने वाढतं, पण लाकूड ठिसूळ, म्हणून वाऱ्याच्या तोंडावर लावू नका. छातीएवढं झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील आणि फुलं हाताशी येतील. बुडातून मात्र कधीच छाटू नका. माझं एक भरात आलेलं झाड असंच वाळलं, अजून हळहळ वाटते.

युरियाची घाई नको. विरळणीत उपटलेल्या रोपाच्या मुळावरची गाठ नखाने फोडून बघा: आत गुलाबी दिसली, तर ती हवेतला नत्र बांधतेय. बघण्यासारखं असतं ते! आणि भाजीला फुलं घेताना मधला दांडा काढायला विसरू नका, तो कडू लागतो.