480 चा आकडा सोडा, आधी ती पॉलिसी परत करा

सांगलीच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. वय 51, साखर कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी. प्रश्न एका ओळीचा आहे: "480 ला घेतलेले 500 शेअर आता 310 वर आलेत. विकू, की 480 येईपर्यंत थांबू?"

बाकीचा मजकूर त्यांनी माहितीसाठी म्हणून लिहिला आहे. चार वर्षांनी करायच्या मुलीच्या लग्नासाठी पावणेसात टक्क्यांची 9 लाखांची एफडी आहे, "तिला हात लावायचा नाही". घरदुरुस्तीसाठी 14 टक्क्यांनी पर्सनल लोन काढले आहे. 5 लाख बाकी, चार वर्षे शिल्लक. आणि एफडी रिन्यू करायला बँकेत गेले असता तिथल्या मॅडमनी एक पॉलिसी दिली: "दहा वर्षे दरवर्षी 1 लाख भरायचे, विसाव्या वर्षी 20 लाख. एफडीसारखीच सुरक्षित, पण दुप्पट." पॉलिसी ईमेलवर येऊन 11 दिवस झाले आहेत.

नमस्कार. शेअरचे शेवटी बोलू, त्याला घाई नाही. पॉलिसीला आहे. विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, म्हणजे तुमच्याकडे 19 दिवस उरले आहेत. उद्याच विमा कंपनीला लेखी कळवा, ईमेलची प्रत जपून ठेवा. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, स्टॅम्प ड्युटी आणि तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी रक्कम परत मिळते. बँकेतून "सर, एकदा विचार करा" असा फोन आला तरी कंपनीलाच लिहा. दाद लागली नाही तर नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा.

आता त्या दुपटीचा हिशेब. दहा वर्षे 1 लाख भरून विसाव्या वर्षी 20 लाख, याचा वार्षिक परतावा साधारण साडेचार टक्के पडतो. हेच पैसे पीपीएफमध्ये असेच भरले आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला, तर 29 लाखांच्या घरात जातात. साडेचार टक्क्यांच्या वस्तूला "एफडीसारखी, पण दुप्पट" म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि बँकेच्या काउंटरवर ती रोज होते याचा मला संताप येतो.

पण तुम्ही हिशेब विभागातले. कारखान्याचा ताळेबंद जुळवणाऱ्या माणसाला हे दिसले कसे नाही? यात तुमचा मूर्खपणा नाही. आपला मेंदू किंमत कशी मांडतो, ते समजून घ्या.

2006 साली कामिलो पादोआ-स्किओपा आणि जॉन असाद या मेंदूसंशोधकांनी माकडांपुढे दोन-दोन पेये ठेवली, वेगवेगळ्या मापात. डोळ्यांच्या वर, कपाळामागे असलेल्या मेंदूच्या भागात त्यांना अशा पेशी सापडल्या, ज्या पेय कोणते आणि किती यापलीकडे जाऊन त्याची त्या माकडाला वाटणारी किंमत नोंदवत होत्या. जणू सगळ्या वस्तूंचे एकाच चलनात रूपांतर. पुढचा शोध तुमच्या कामाचा आहे. 2009 मध्ये पादोआ-स्किओपा यांनी दाखवले की या पेशींची पट्टी ठरलेली नसते. समोरच्या किमतींचा पल्ला मोठा असला की ती पट्टी ताणली जाते, आणि तेवढ्याच फरकाची नोंद लहान होते. माकडावरून माणसावर थेट उडी मारता येत नाही, पण बँकेत काय घडले ते मला यातून स्पष्ट दिसते. समोर 20 लाख मांडले गेले, आणि त्यांच्या शेजारी वर्षाचा 1 लाख लहान दिसला. मार्केट यार्डात हळदीचा ढीग शेजारच्या ढिगाकडे बघून मोठा-लहान ठरावा, तसे झाले. शेजारी कोणता ढीग ठेवायचा, हे विकणाऱ्याने ठरवले.

एफडीचेही तसेच, फक्त तिथे चिठ्ठी तुम्ही स्वतः चिकटवलीत. 2008 च्या एका प्रयोगात लोकांना एकच वाइन दोनदा पाजली, एकदा 10 डॉलरची म्हणून, एकदा 90 डॉलरची म्हणून. महाग सांगितलेली जास्त आवडली, आणि मेंदूतल्या त्याच परिसरात हालचालही जास्त दिसली. लेबलाने चवच बदलली. तुमच्या 9 लाखांवर "लग्न" लिहिले आहे म्हणून ते सोन्याचे वाटतात, आणि कर्जावर काहीच लिहिलेले नाही म्हणून ते नुसता हप्ता वाटते. मुलीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशाबद्दलची ओढ मला समजते. पण त्याच पैशाला आत्ता घरातूनच गळती लागली आहे.

बघा. कर्जापोटी या वर्षी तुम्ही 63-64 हजार निव्वळ व्याज द्याल. एफडीतले 5 लाख तुम्हाला वर्षाला 34 हजारांच्या आत मिळवून देतात, तेही कर कापण्याआधी.

एफडीतून 5 लाख काढून कर्ज बंद करा. आजचा हप्ता 13,600 च्या आसपास असणार. तेवढीच रक्कम त्याच तारखेला आरडीत टाका, साडेसहा टक्के धरा. चार वर्षांनी आरडीचे साधारण साडेसात लाख आणि उरलेल्या 4 लाखांच्या एफडीचे सव्वापाच, म्हणजे पावणेतेरा लाखांना थोडे कमी. काहीच न करता 9 लाख तसेच ठेवले तर पावणेबारा. मुदतीआधी कर्ज फेडण्याचा दंड 3 टक्के लावला तरी 15 हजार; तो वजा करूनही पाऊण लाखाच्या वर मुलीच्या वाट्याला येतात. अट एकच: आरडी आपोआप कापली गेली पाहिजे. मोकळे झालेले 13,600 हातात राहिले तर ते संपतील. आरडीच्या पासबुकावर मुलीचे नाव लिहून ठेवा. मेंदूला लेबल लागतेच, तर ते योग्य ठिकाणी लावा.

आता शेअर. 310 वरून 480 म्हणजे 55 टक्के वाढ. तुम्ही 480 ला घेतले, हे त्या कंपनीला ठाऊक नाही. तो आकडा फक्त तुमच्या डोक्यात आहे आणि तिथे तो शून्याचे काम करतो: त्याच्या वर फायदा, खाली तोटा. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1992 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तोटा आपल्याला तेवढ्याच फायद्याच्या सव्वादोन पट बोचतो. म्हणून हात धजत नाही. पत्रात तुम्ही कंपनीच्या धंद्याबद्दल, कर्जाबद्दल, नफ्याबद्दल एक शब्द लिहिलेला नाही, फक्त खरेदीचा भाव लिहिला आहे. मग थांबण्याला आधार काय?

विका. दीड लाखाच्या वर हातात येतील. 85 हजारांचा तोटा विवरणपत्रात दाखवा, आणि ते मुदतीत भरा, म्हणजे पुढची आठ वर्षे भांडवली नफ्यातून तो नियमांप्रमाणे वजा करता येईल. आलेल्या पैशातले 1 लाख अडीअडचणीसाठी बचत खात्यात ठेवा. पुढच्या घरदुरुस्तीला पुन्हा 14 टक्क्यांचे कर्ज नको. बाकीचे त्या 4 लाखांच्या शेजारी एफडीत टाका. लग्न चार वर्षांवर आहे, तो पैसा शेअर बाजारात नको.

आणि पॉलिसीचा ईमेल आज रात्रीच शोधून ठेवा. तारीख त्यावरच मोजली जाईल.