राजगड पळून जात नाही

तुझं पत्र वाचलं. लेक अडीच वर्षांची, नवऱ्याला तिला पाठीवरच्या कॅरियरमध्ये घालून भर पावसात राजगडला न्यायचंय, सासूबाई म्हणतात मातीत सोडू नका किडे चावतील, सर्दी होईल, आणि तू मधल्यामधे. वर तू एकटीने तिला वेताळ टेकडीवर नेलंस तर पोरगी वीस पावलांवर बसली ती उठलीच नाही, म्हणून 'माझंच काहीतरी चुकतंय का' असं विचारलंयस.

अगं, काही चुकत नाहीये, तिची ट्रिप त्या वीस पावलांतच झाली. माझा मुलगा त्याच वयाचा असताना तिथेच त्याला पैसा दिसला, तोच तो काळपट किडा, हात लावला की गोल गुंडाळी करून नाण्यासारखा पडून राहतो. हा उकिडवा बसला, किडा उलगडायची वाट बघितली, उलगडला की परत काडी लावली, असं अर्धा तास, आणि मी आपली 'चल ना वर मोर दिसेल' करत उभी, मोराला विचारतंय कोण! फक्त घरी आल्यावर हात साबणाने धू, काही पैशांच्या अंगातून येणाऱ्या द्रवाने कातडी चुरचुरते. आणि गाजरगवतात बसू देऊ नकोस, काही जणांना त्याने पुरळ येतं. बाकी माती लागू दे, मातीने सर्दी होत नाही, ती व्हायरसने होते, पण हे सासूबाईंना तू नको सांगूस, डॉक्टरांकडून वदवून घे.

नवऱ्याला मात्र स्पष्ट सांग. राजगडावर चढायची चोर दरवाजाची वाट पावसात निसरडी असते, तिथे पाठीवर पोर घेऊन घसरला तर दोघं पडतील, आणि कॅरियरमध्ये बसून तिला दिसणार काय, बाबाचं डोकं! गड चार वर्षांनी तिच्या पायांनी चढू दे.

सासूबाईंना घरी ठेवून जाऊ नकोस, उलट सोबतच ने. लाजाळूचं पान कसं मिटतं, आघाडा कपड्याला कसा चिकटतो हे त्या दाखवतील, तक्रार आपोआप कमी होईल बघ.

सकाळी लवकर निघा, तासाभरात परत या. पाणी, सुका खाऊ, लेकीचे कपड्यांचे दोन जोड, आणि एक तुझाही घे, चिखलाचे हात ती तुलाच पुसणार आहे.