'मोट' आमची नव्हे, पण खंदक थोडा आमचाच

एका वाचकाचा प्रश्न आहे. मुलीकडे केंब्रिजला गेले असताना ते नॅपवेल गावाजवळच्या ओव्हरहॉल ग्रोव्ह या एल्मच्या रानात फिरायला गेले. तिथे मध्ययुगातली 'मोटेड साइट', म्हणजे भोवती 'मोट' (पाण्याचा खंदक) असलेली घराची जागा, आहे असं कळलं. बघतात तर पाणी नाही, भिंत नाही, झाडांमधून गेलेला एक रुंद, उथळ चर तेवढा दिसला. कोरड्या चराला मराठीत खंदक म्हणावं का? आणि इंग्रजांचा 'मोट' आपल्या विहिरीवरच्या मोटेवरून गेला, असा मजकूर फिरतोय, तो खरा का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तो मजकूर गेल्या वर्षभरात मला किमान पाच जणांनी पाठवला आहे. नाही, नाही आणि नाही! दोन्हीकडे पाणी आहे आणि उच्चार जुळतो, एवढ्यावर शब्दांची सोयरीक होत नसते. आपली मोट कातड्याची, बैलांनी ओढायची. इंग्रजांचा 'मोट' जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ होता मातीचा उंचवटा, टेकाड. आजही फ्रेंचमध्ये 'मोत' म्हणजे ढेकूळ, लोण्याचा गोळासुद्धा. 1066 नंतर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन सरदारांनी इंग्लंडभर मातीची टेकाडं रचून त्यांवर लाकडी बुरूज उभारले, ते हेच. मग उंचवट्याचं नाव खड्ड्याला कसं गेलं? आपल्याकडे डोंगरउतारावर सलग समतल चर खणताना बघा. निघालेली माती खालच्या अंगाला टाकतात, चराबरोबर बांधही तयार होतो. काम एकच, वस्तू दोन. इंग्रजीने एकीचं नाव दुसरीला दिलं.

आता खंदक. या शब्दासाठी मी रात्रभर बोलू शकेन. शुद्धीवाले म्हणतात, खंदक अरबी, टाकून द्या, परिखा म्हणा. कोशही बहुधा कंसात 'अरबी' एवढंच लिहून मोकळे होतात. ही अर्धवट माहिती आहे, आणि कोशाने अर्धवट माहिती देणं मला चालत नाही. अरबीत हा शब्द इराणातून गेला. मध्य फारसीत 'कंदग' म्हणजे खणलेलं. आजच्या फारसीतही 'कंदन' म्हणजे खणणे. इ.स. 627 मध्ये मदिनेभोवती चर खणायची सूचना केली ती प्रेषित मुहंमदांचे इराणी सोबती सलमान फारसी यांनी, असं परंपरा सांगते. म्हणजे शब्दही इराणी, युक्तीही इराणी. आणि फारसीतला हा 'कन्' म्हणजे आपल्या संस्कृत 'खन्' धातूचा सख्खा चुलतभाऊ. परिखा त्याच खन् वरून, खाण आणि खणणे त्याच घरातले. खंदक हाकलून परिखा आणणारे एका भावाला काढून दुसऱ्याला घरात घेतात, आणि वर त्याला शुद्धी म्हणतात!

वऱ्हाडात आजही विहीर 'खंदतात'. माझं ठाम मत आहे की खंदक मराठीत इतका सहज रुजला तो या खंदण्यामुळे. कानाला तो परका वाटलाच नसणार. कोशकारांना हे पटत नाही, पण त्यांनी एकदा वऱ्हाडात विहिरीच्या कामावर जाऊन उभं राहावं.

आणि हा शब्द पूर्वेकडेच आला असं नाही. नवव्या शतकात अरबांनी क्रीट बेटावर शहर वसवलं, भोवती खंदक खणला आणि गावाचं नावच 'खंदक' पडलं. ग्रीकांनी त्याचं खांदाक्स केलं, व्हेनिसवाल्यांनी कांदिया, आणि पुढे अख्खं बेट कांदिया झालं. म्हणजे अहिल्यानगरच्या भुईकोटाभोवती आहे तो खंदक आणि भूमध्य समुद्रातलं ते बेट, शब्द एकच!

तुमच्या चराकडे येतो. खंदक हे नाव खणण्यावरून पडलं आहे, पाण्यावरून नाही. तेव्हा कोरडा असला तरी तो खंदकच. त्याला 'खाई' म्हणू नका. जुन्या मराठीत तो अर्थ होता, पण आज खाई म्हटलं की माणसाला खोल दरी दिसते. 'किल्ला'ही म्हणू नका. इंग्लंडात असे सुमारे सहा हजार खंदक नोंदले आहेत, बरेचसे 1250 ते 1350 या काळातले, आणि बहुतेकांचा लढाईशी फारसा संबंध नाही. चिकणमातीच्या मुलखात पाण्याचा निचरा व्हावा, मासे पाळता यावेत आणि मालकाचा रुबाब दिसावा म्हणून ते घराभोवती खणले. मी 'खंदकवाडा' हा शब्द सुचवतो.

पुन्हा गेलात तर पानगळीनंतर जा. चराच्या काठाने चालत राहा आणि तो काटकोनात वळतो का बघा. ओढा असा वळत नाही. आतली जमीन सपाट आणि जराशी उंच असेल, आणि एखाद्या बाजूला चर मध्येच बुजलेला दिसला तर ती बहुधा वाड्यात जायची वाट. उन्हाळ्यात तिथे खाजऱ्या नेटलचं रान माजलेलं दिसलं तर तेही टिपून ठेवा: माणसं आणि गुरं जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली तिथल्या मातीत फॉस्फेट साठतं, आणि नेटलला ते फार मानवतं.