उत्तर: आईला ईसीटी सांगितली आहे, घरचे घाबरलेत

तुम्ही लिहिलंय की आईने तीन आठवड्यांपासून जेवण जवळजवळ सोडलंय, दोन औषधं बदलून झाली, आता डॉक्टर ईसीटी (गंभीर मानसिक आजारात भूल देऊन मेंदूला क्षणभर विजेचा झटका देतात, तो उपचार) म्हणताहेत आणि मामा म्हणतात, "शॉक देऊन बाईचं डोकं कामातून जाईल." आमच्या दादाच्या वेळी आमचे काका अगदी हेच म्हणत होते.

मी डॉक्टर नाही. आमच्याकडे घडलं तेवढंच सांगते, तुमच्या आईंचं त्यांचे डॉक्टर ठरवतील. भूल आणि स्नायू सैल करणारं इंजेक्शन याबद्दल तुम्हाला सांगितलंच असेल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांच्याशिवाय ईसीटी द्यायला बंदी आहे. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण आमचं नुकसान ईसीटीने झालंच नाही. आम्ही ती मध्येच सोडली, त्याने झालं.

दादा तेव्हा 51 चा होता. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. चौथ्या ईसीटीच्या संध्याकाळी चहाचा घोट घेऊन म्हणाला, "साखर जास्त पडलीय गं." दोन महिन्यांत आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. वहिनी पॅसेजमध्ये जाऊन रडली. आम्हाला वाटलं, सुटलो. डॉक्टर बजावत होते की साधारण 6 ते 12 लागतात, एवढ्यात थांबू नका. पण तोवर पैसे संपत आले होते.

ते का संपले, ते ऐका. भरतीच्या दिवशीच मेडिक्लेमच्या काउंटरवरच्या माणसाने आमचं कार्ड हातातही न घेता सांगितलं, "सायकियाट्रीला कॅशलेस नाही." म्हणजे मानसिक आजाराचं बिल विमा कंपनी थेट रुग्णालयाला देणार नाही, आधी आपणच भरायचं. दुसऱ्या दिवशी वहिनी गेली, तेच उत्तर. आम्ही दोघी मान डोलावून परत आलो. मी पतपेढीत नोकरी करते, रोज लोकांकडून सगळं लेखी घेते, पण तिथे "हे लेखी द्या" एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. एफडी मोडली. पाचव्या ईसीटीनंतर "आता बरा आहे की" म्हणत, डॉक्टर नको म्हणत असताना, सही करून दादाला घरी आणलं. गोळ्या चालू होत्या, तरी पाच आठवड्यांत तो पुन्हा भिंतीकडे वळला. या खेपेला पाणीही नको म्हणायला लागला. परत भरती, परत पहिल्यापासून, नऊ ईसीटी.

त्याच कायद्याचं कलम 21(4) सांगतं की शारीरिक आजाराला ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. काउंटरवर बसणाऱ्याला हे ठाऊक नसावं? त्या एका वाक्यापायी माझ्या भावाला तो नरक दुसऱ्यांदा भोगावा लागला. आजही आठवलं की हात थरथरतात.

दुसऱ्या भरतीला मी अर्ज लिहूनच नेला: नाकारत असाल तर कारणासकट लेखी नाकारा. कॅशलेस तेव्हाही मिळालं नाही, पण कागद मिळाला. तो घेऊन आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग विमा लोकपालांकडे गेलो. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. दुसऱ्या भरतीचे पैसे मिळाले. पहिल्या भरतीचे बुडाले, कारण दाखवायला काहीच नव्हतं. (प्रत्येक पॉलिसीच्या अटी वेगळ्या. सकाळी नेऊन दुपारी घरी आणणार असाल तर ते विम्यात बसतं का, हेही आधी लेखी विचारा.)

ईसीटीनंतरच्या विसरण्याबद्दल खोटं सांगणार नाही. भरतीच्या आधी भाचीचा साखरपुडा झाला, दादा तिथे कोपऱ्यात बसून होता. त्याला तो आठवत नाही. फोटो दाखवला की नुसता बघत राहतो. रोजचा विसराळूपणा दोनेक महिन्यांत गेला, ते दिवस काही परत आले नाहीत. म्हणून आईंकडून लॉकरची किल्ली, पिन, देणीघेणी आत्ताच वहीत लिहून घ्या आणि त्या काळात त्यांच्याकडून कुठल्याही मोठ्या कागदावर सही घेऊ नका. तरीही माझं मत विचाराल तर, माणूस जेवत नसताना "अजून एक गोळी बघू" म्हणत महिना घालवू नये.

ईसीटीच्या आदल्या दिवशी केस धुवा, तेल अजिबात नको. झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. त्या दिवशी सकाळी पोटात काही जाता कामा नये. आमच्या आत्याने कळवळून अर्धा कप चहा दिला आणि त्या दिवशीची ईसीटी रद्द झाली.

आणि मामांना सोबत न्या. काका पहिल्या दिवशी दारातच खुर्ची टाकून बसले होते. थोड्याच वेळात दादाला बाहेर आणलं, काकांनी त्याच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. त्यानंतर दर खेपेला तेच त्याच्याबरोबर जायचे.