वडिलांना रोज बदाम-अक्रोड द्यावेत का? द्या, पण आधी त्यांच्यासाठी ताटात जागा करा

तुम्ही लिहिलंय की वडील ७१ वर्षांचे आहेत, ऐरोलीला राहतात. उपाशीपोटीची साखर ११२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) २१०, पोट सुटलेलं, बीपीची एक गोळी चालू. डॉक्टर म्हणाले बदाम-अक्रोड सुरू करा. आई म्हणते तेलकट असतं, वजन वाढेल. मग द्यायचे की नाही, आणि किती?

द्या. दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास, बिनमिठाचे. पण हाच सल्ला आमच्या घरी आधी उलटला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. ठाण्यात नौपाड्यात राहते, वय ६७, आणि आमच्या ह्यांचे आकडे तेव्हा जवळपास तुमच्या वडिलांसारखेच होते.

सल्ला मिळाल्याबरोबर मी जांभळी नाक्यावर जाऊन बदाम, अक्रोड, काळ्या मनुका, खजूर, अंजीर असं सगळं घेऊन आले. सकाळी भिजवलेले बदाम, दहाच्या सुमारास दोन खजूर, संध्याकाळी अक्रोड आणि मनुका. बाकी सगळं होतं तसंच: नाश्त्याला पोहे, दुपारी पोळ्या आणि वर भात, चार वाजता चहाबरोबर खारी नाहीतर फरसाण. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला तेव्हा वजन सव्वादोन किलो वाढलेलं आणि ट्रायग्लिसराइड २१५ वरून २४०. हे म्हणाले, "बंद कर तो मेवा." मला फार वाईट वाटलं, कारण मी ते अगदी मनापासून करत होते.

नंतर लक्षात आलं की एक घोटाळा आपल्या शब्दातच आहे. आपण 'सुकामेवा' म्हणतो आणि दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच डब्यात भरतो. बदाम, अक्रोड, काजू, पिस्ते यांत मुख्यतः चांगली चरबी, प्रथिनं, तंतू आणि मॅग्नेशियम असतं. मनुका आणि खजूर ही वाळवलेली फळं; त्यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ६० ग्रॅम साखरच असते. अंजीरही त्याच जातीतलं. साखर काठावर आलेल्या माणसाला "सुकामेवा खा" एवढंच सांगितलं, तर तो गोड वस्तूंकडेच आधी वळतो. तुमच्या घरचा डबा आजच उघडून बघा, त्यात काय काय आहे ते.

दुसरी चूक मोठी होती. मी बदाम आहे त्या खाण्याच्या वर घातले. ३० ग्रॅम म्हणजे १७० ते १९० कॅलरी, जवळजवळ दीड-दोन पोळ्या. ते कशाच्या तरी बदल्यात आले तरच उपयोग. आमच्याकडे शेवटी गेली ती चार वाजताची खारी. मैदा, वनस्पती तूप आणि मीठ, त्यातून पोटही भरत नाही. त्या जागी आता दहा बदाम, चार अक्रोडाच्या पाकळ्या आणि थोडे भाजलेले शेंगदाणे असतात. चहा तोच, वाटीही तीच. पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली, ती मी ऐकून घेतली.

'मूठभर' या मापावरही जाऊ नका. एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आम्ही दोघांनी आपापली मूठ ओतली. माझी २८ ग्रॅम भरली, ह्यांची ४६. तेव्हापासून एका लहान स्टीलच्या वाटीला आतून खूण करून ठेवली आहे, तिच्यावर जायचं नाही.

आईंची भीती अगदीच खोटी नाही, पण बदाम अंगाला लागतो तो तेलासारखा नाही. चावताना त्याच्या सगळ्या पेशी फुटत नाहीत, म्हणून आतली काही चरबी पचल्याशिवाय तशीच बाहेर पडते. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये हे मोजलं: २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून पाकिटावर लिहिलेल्या १७० च्या आसपास कॅलरींऐवजी सुमारे १२९ च मिळतात.

आणि वयस्कर माणसांवरचं काम म्हणाल तर ते बऱ्यापैकी झालेलं आहे. स्पेनमध्ये ५५ ते ८० वयाच्या ७,४४७ लोकांवर प्रेडिमेड नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाला तिथल्या पारंपरिक जेवणाबरोबर रोज १५ ग्रॅम अक्रोड, साडेसात ग्रॅम बदाम आणि साडेसात ग्रॅम हेझलनट दिले. कमी चरबीचा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू हे सगळं मिळून तीसेक टक्क्यांनी कमी दिसलं. २०१३ मध्ये छापलेला तो निबंध गटवाटणीतल्या चुकांमुळे मागे घ्यावा लागला आणि २०१८ मध्ये आकडेमोड नव्याने करून पुन्हा छापला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला. बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथे ६३ ते ७९ वयाच्या सुमारे ७०० जणांवर दोन वर्षं अक्रोडाचा प्रयोग झाला. अक्रोड खाणाऱ्या गटाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सरासरी ४.३ ने उतरलं. आकडा लहानच आहे, आणि तो तसाच समजून घ्यावा. बदाम म्हणजे गोळीला पर्याय नव्हे.

काजूला आपल्याकडे उगाच बदनाम केलंय. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने टाइप २ मधुमेहाच्या ३०० रुग्णांवर अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांना १२ आठवडे रोज ३० ग्रॅम बिनमिठाचे काजू दिले. वजन आणि साखर बिघडली नाही, वरचा बीपी थोडा उतरला, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढलं. बीपी असलेल्या माणसाला नडतो तो दिवाळीच्या बॉक्समधला खारवलेला काजू.

बदाम परवडत नसतील तर शेंगदाणे द्या, मनात कमीपणा आणू नका. वनस्पतीशास्त्राप्रमाणे ते कडधान्याच्या कुळातले, पण चरबीची जात चांगली आणि १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. उतारवयात दंडा-मांड्यांचं मांस झडतं आणि पोट वाढतं, तेव्हा आपल्या शाकाहारी ताटात या प्रथिनांची गरज असतेच. मात्र एकादशीला साबुदाण्यात कूट घातलं म्हणून खिचडी साखरेला चालते असं नाही. चिक्की तर गुळाचीच.

आता काही जपायच्या गोष्टी. वडील थायरॉइडची गोळी घेत असतील तर ती उपाशीपोटी घेतल्यावर लगेच भिजवलेले बदाम देऊ नका. तंतूंमुळे, आणि विशेषतः अक्रोडामुळे, ती गोळी नीट शोषली जात नाही. किमान पाऊण-एक तास जाऊ द्या. आमच्या शेजारच्या काकू दोन्ही एकदमच घ्यायच्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियम आणि फॉस्फरसमुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रमाण ठरवू नका. साल काढायची गरज नाही, तंतू आणि बरंच चांगलं त्यातच असतं. भिजवल्याने पोषण फारसं वाढत नाही, पण चावायला सोपं जातं, म्हणून जरूर भिजवा.

कवळी असेल तर अख्खे बदाम देऊच नका, ठसका लागायची भीती असते. माझ्या सासूबाईंना मी खलबत्त्यात जाडसर कुटून दह्यात घालून द्यायची. मिक्सरमध्ये अगदी पीठ केलं तर आतली चरबी सगळी मोकळी होते, म्हणून भरड ठेवा.

एकदम किलोभर आणू नका. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये भाव बरा मिळतो म्हणून मी एकदा मे महिन्यात दोन किलो अक्रोड आणले होते. जुलैपर्यंत आपल्या दमट हवेत ते खवट झाले, वास रंगाच्या डब्यासारखा. अक्रोड हवाबंद डब्यात फ्रिजमध्येच ठेवा. शेंगदाण्यावर बुरशी दिसली किंवा दाणा कडू लागला तर तो निवडून टाकून बाकीचे वापरू नका, सगळेच फेकून द्या. त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजल्याने पुरतं जात नाही.

आमच्या ह्यांचं खारी सोडल्यावर सहा महिन्यांनी वजन तीन किलो उतरलं, ट्रायग्लिसराइड १६८, साखर १०४. त्याच काळात ते रोज सकाळी मासुंदा तलावाला फेऱ्याही मारायला लागले होते, म्हणून सगळं श्रेय बदामाला देता येणार नाही. तुम्ही सुरू करायच्या दिवशी वडिलांचं वजन आणि पोटाचा घेर लिहून ठेवा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटरपुढे घेर गेला की लक्ष द्यायला हवं. तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) आणि लिपिड (रक्तातल्या चरबीची तपासणी) पुन्हा करून घ्या. आणि चार वाजता त्यांच्या चहाबरोबर सध्या काय असतं, ते आईंना आजच विचारा.