छाती उघडी करा आणि पूर्ण एक मिनिट मोजा

प्रश्न : आमचा मुलगा 29व्या आठवड्यात जन्मला, नंतर दोन महिने ऑक्सिजनवर होता. आता सात महिन्यांचा आहे. तीन दिवस सर्दी होती, कालपासून छातीत घरघर सुरू झालीय. डॉक्टरांनी ब्राँकिओलायटिस सांगून घरी पाठवलं आणि 'वाढलं तर या' म्हणाले. वाढलं हे ओळखायचं कसं?

उत्तर : ब्राँकिओलायटिस म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना येणारी सूज. हा आजार बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जोरात असतो. म्हणजे पुढचे दोन दिवस डोळ्यांत तेल घालून काढायचे. खोकल्याच्या आवाजावरून मात्र काही ठरवू नका. पाहायचं ते श्वासाकडे आणि दुधाकडे.

बाळ झोपलेलं किंवा शांत असताना अंगातलं झबलं छातीच्या वर घ्या आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण 60 सेकंद श्वास मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणू नका. अशा बाळांचा श्वास मध्येच रेंगाळतो आणि मध्येच धावतो, त्यामुळे हिशेब साफ चुकतो. तापातही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर परत मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला 50 किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. त्याच दिवशी दाखवा. 60च्या पुढे गेला तर थेट रुग्णालय.

मोजताना छातीही पाहा. श्वास घेताना बरगड्यांखालची किंवा गळ्याखालची खळगी आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, श्वासागणिक डोकं हलतं का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का? यातलं काहीही नव्याने दिसलं तर निघा. 'नव्याने' म्हणायचं कारण असं की, फुप्फुसं आधीच नाजूक असलेल्या काही मुलांची छाती एरवीही थोडी आत जाते. बरं असतानाचा श्वासांचा आकडा आणि छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जवळ असेल तर तुलना सोपी जाते, डॉक्टरांनाही.

सर्वात फसवं लक्षण वेगळंच आहे. रात्रभर मिनिटाला 65 श्वास घेणारं बाळ पहाटे 35वर येतं, गप्प पडतं आणि घरातल्यांना वाटतं, उतार पडला. खरंच उतार असेल तर बाळ दूध ओढतं, नजर देतं. दूध नको, अंग ढिलं, रंग फिका असेल तर ते बरं झालेलं नाही, थकलेलं आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत श्वसनाचे स्नायू लवकर दमतात. ओठ-जीभ निळसर होणं किंवा श्वास थांबणं दिसलं तर रुग्णवाहिकाच बोलवा. अगदी लहान बाळांत कधीकधी खोकला सुरू होण्याआधीच श्वास थांबतो.

आता दूध. लहान बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेतं. नाक चोंदलं की ओढणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही. पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत तयार सलाइनचे 2-3 थेंब घाला, मिनिटभर थांबा, मग बाहेर आलेलंच पुसा किंवा हलकेच ओढा. दर तासाला असं ओढून काढलं तर आतून सूज येते आणि नाक आणखी बंद होतं. घरी मिठाचं पाणी करू नका, प्रमाण चुकतं. एका वेळी 120 मिली पिणाऱ्याला 60 मिली दुप्पट वेळा द्या. दिवसभराचं दूध नेहमीच्या पाऊणपटीखाली आलं तर डॉक्टरांना कळवा. निम्म्यावर आलं किंवा 12 तास लंगोट कोरडा राहिला तर दाखल करायला न्या. श्वास 60च्या पुढे असताना बळे पाजू नका, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

प्रश्न : घरी थोरल्याचा नेब्युलायझर आहे. त्याचं औषध द्यावं का? आणि वाफ?

उत्तर : दोन्ही नको. दम्यात श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, नेब्युलायझरमधलं साल्ब्युटामॉल हे औषध ते सैल करतं. इथे नळ्या आतल्या सुजेने आणि कफाने अरुंद झालेल्या असतात. बहुतेक बाळांना त्या औषधाने फरक पडत नाही, हृदयाचे ठोके मात्र वाढतात. तुमच्याच बाळासाठी लिहून दिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. वाफेने भाजण्याची भीती जास्त, उपयोग नाही. खोकल्याचं औषध, उरलेलं अँटिबायोटिक, बाम हेही बंद. उशी देऊन डोकं उंच करू नका. पाठीवर, सपाट गादीवरच झोपवा.

प्रश्न : पॅरासिटामॉलचा डोस खऱ्या वयाने द्यायचा की करेक्टेड वयाने?

उत्तर : दोन्हीने नाही (करेक्टेड वय म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेलं वय), आजच्या वजनाने. किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास, 24 तासांत जास्तीत जास्त चार वेळा. 6 किलोच्या बाळाला 90 मिलिग्रॅम. चूक होते ती बाटलीत. मिलीत 100 मिलिग्रॅम असलेले थेंब असतील तर 0.9 मिली, 5 मिलीत 120 मिलिग्रॅमचं सिरप असेल तर 3.75 मिली. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं की डोस चौपट होतो. लेबल वाचा, सिरिंजने मोजा, चमचा नको. करेक्टेड वय तीन महिन्यांच्या आत असेल आणि ताप 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल तर आधी डॉक्टर, मग औषध.

प्रश्न : ऑक्सिमीटर कधी 84 दाखवतो, कधी 97. खरं काय?

उत्तर : बोटाला लावायचा मोठ्यांचा चिमटा असेल तर कदाचित दोन्ही खोटं. लहान बाळाच्या पायाला गुंडाळायचा प्रोब लागतो. त्यातला दिवा आणि त्याचा प्रकाश टिपणारा भाग बरोबर समोरासमोर यायला हवेत. पाय गार असेल तर आधी ऊब द्या. यंत्रावरचे ठोके तुम्ही छातीवर हात ठेवून मोजलेल्या ठोक्यांशी जुळले आणि आकडा मिनिटभर स्थिर राहिला, तरच तो धरा. तुमच्या बाळासारख्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा आकडा सतत 92च्या खाली राहिला तर रुग्णालयात न्या. आणि 96 दिसतंय पण छाती आत ओढली जातेय? तरीही न्या.

प्रश्न : बरं होऊन घरी आलो, खोकला अजून आहे. लशींचं काय?

उत्तर : खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्यासाठी लस अडवू नका. लशींचं वेळापत्रक जन्मतारखेनेच चालतं, करेक्टेड वयाने नाही. याच गोंधळात अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या लशी मागे पडतात. सहा महिने झाले की फ्लूची लस, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, घरातल्या मोठ्यांनाही. आरएसव्ही पुन्हा होऊ शकतो. त्याविरुद्ध तयार प्रतिपिंडांचं निर्सेविमॅब हे इंजेक्शन मिळत असेल तर डॉक्टरांना विचारा. आयुष्यातल्या पहिल्या आरएसव्ही हंगामासाठी वजन 5 किलोच्या आत असेल तर 50 मिलिग्रॅम, 5 किलो किंवा जास्त असेल तर 100, एकदाच.